सात-वीसचा ऊस

४ जून, मंगळवार

नवी वही, नवी नोकरी. जुनी वही बोवेन गावच्या टोमॅटो-शेडमध्ये राहिली. मुकादमाशी भांडून निघाले तेव्हा सामान उचलण्याइतकं डोकं ठिकाणावर नव्हतं.

इथे ऊस-संशोधन केंद्र आहे, मॅकाय शहरापासून अर्ध्या तासावर. सगळीकडे ऊस, मध्ये एक पांढरी इमारत. प्रमुख डॉ. वॉरिक हॅडली. गोरापान, इस्त्रीची चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे. विचारलं, किती शिकलीस?

"दहावी. अर्धी."

"हात चालतात ना? बास. डोकं आमच्याकडे आहे."

त्याला वाटलं त्याने विनोद केला. मीही हसले, कारण तीन महिने तंबूत झोपून पाठीचं लाकूड झालंय आणि या नोकरीबरोबर खोली मिळते. पण वहीत लिहून ठेवते. डोकं त्यांच्याकडे आहे.

खोली सेलाई नावाच्या बाईशेजारी. फिजीची, लंबासा गावची. इथे डॉक्टरेट करतेय. स्वयंपाकघरात टिनचे मासे आणि कसाव्याचे उकडलेले कंद, आणि भांडी घासताना चर्चची गाणी. मी म्हटलं आवाज छान आहे. म्हणाली, "माझ्या गावात हा वाईट समजतात."

७ जून, शुक्रवार

सेलाईने काम शिकवलं. मला वाटलं होतं ऊस कापायचा. कापायचाच आहे, पण शस्त्रक्रिया केल्यासारखा.

तिचं म्हणणं असं. उसाच्या प्रत्येक पेरात जनुकं तीच असतात, वरच्यातही आणि खालच्यातही. पण शेंड्याजवळचं पेर कोवळं, ते लांब होण्याच्या नादात असतं. त्याच्या खालचं कडक व्हायला लागतं. आणखी खालचं साखर भरतं. म्हणजे जनुकं तीच, पण वर एकाचा आवाज मोठा, खाली दुसऱ्याचा. कोण कुठे किती मोठ्याने बोलतंय ते यंत्रावर मोजायचं. वाढणं थांबून गोडी भरायला लागते त्या वळणावर कोण ओरडतं, हे तिला शोधायचंय.

नियम तीन. एक ऊस घ्यायचा, तोडायचा, त्याची चारही पेरं (शेंड्यापासून पहिलं, तिसरं, पाचवं, आठवं) लगेच सोलून द्रव नायट्रोजनच्या पिंपात टाकायची, मगच दुसऱ्या उसाला हात लावायचा. असे बारा ऊस. आणि सगळं सकाळी सात ते आठमध्ये.

"आठ वाजून पाच मिनिटं झाली तर?"

"उसाच्या आत घड्याळ असतं. सकाळी जे बोलतो ते दुपारी बोलत नाही."

"माझी आई पण."

ती हसली नाही. म्हणाली, "मार्नी, हे चेष्टेत घेऊ नकोस. हा माझा शेवटचा हंगाम आहे. डिसेंबरात शिष्यवृत्ती संपते. आकडे आले नाहीत तर मी चार वर्षांनी रिकाम्या हाताने बोटीतून उतरणार, आणि आमच्याकडे बंदरावर सगळं गाव येतं."

तिचे वडील लंबासात ऊस तोडायचे. ती उसाच्या आत काय चालतं ते मोजते. मी टोमॅटो मोजायचे.

१९ जून, बुधवार

आज इतकी चिडलेय की पेन कागदातून जातंय.

सेलाई ब्रिस्बेनला विद्यापीठात. आजची तोड माझ्या एकटीवर. साडेसहाला शेतात गेले, दव, थंडी, सगळं छान. पिंपं दोन लागतात. बघते तर एकच, आणि तेही अर्धं. दुसरं कुठे? वॉरिकसाहेबांनी नेलं. आज केंद्रावर शेतकऱ्यांचा मेळावा. साहेब पांढरा कोट घालून नायट्रोजन ओतून आइस्क्रीम करून दाखवणार. धूर निघतो, पोरं टाळ्या वाजवतात. मी जाऊन म्हटलं, "ते पिंप सेलाईच्या कामाचं आहे." म्हणाला, "अगं, अर्ध्या पिंपात भागतं. जरा हात आखडता घे." आणि व्हॅनिला घालायला वळला.

ठीक. मग मी डोकं लावलं. एकेक ऊस शेवटपर्यंत करत बसण्यात वेळ जातो. चाकू पुसा, डबी बदला, पुन्हा चाकू पुसा. शेडमध्ये आम्ही कधी एक खोका पहिल्यापासून शेवटपर्यंत भरत नसू. आधी सगळे तळ, मग सगळी झाकणं. तेच केलं. बारा उसांचे शेंडे छाटले, पहिली पेरं काढली, मग तिसरी. चोवीस डब्या, वीस मिनिटांत. मुकादमाला दाखवायला हवं होतं. खालची पेरं बुडख्यासकट तशीच उभी. पिंपात बघितलं, नायट्रोजन तळाला. जे होतं त्यात चोवीस डब्या बुडवल्या, झाकण लावलं आणि गाडी काढून मॅकायला भरायला गेले.

भरलं. निघाले. मिरानी गावाच्या अलीकडे साखर कारखान्याची छोटी आगगाडी रुळावरून घसरलेली. चार डबे आडवे, रस्त्यावर ऊसच ऊस, दोन्ही बाजूंना गाड्या. लोक उतरून ढीग बाजूला करत होते. मी बसून राहणार? मीही उतरले. तासभर गेला. कोणीतरी गरम मटण-पॅटीस दिला, आयुष्यात इतका चांगला खाल्ला नाही. तिथेच एका म्हातारीच्या अंगणात व्हॅन विकायला उभी दिसली. पिवळी, मागे गादी, छताला खिडकी. बघायला काय लागतं? म्हातारी म्हणाली एक फेरी मारून ये. मारली. समुद्रापर्यंत. या व्हॅनमधून केप यॉर्कपर्यंत जाता येईल, वर जमीन संपते तिथे.

परत आले तेव्हा ट्रॅक्टरवाला ओरेस्ते शेताच्या बांधावर डबा खात बसलेला, रेडिओवर एकच्या बातम्या लागत होत्या. म्हणाला, "पोरी, तुझी जत्रा झाली का?" उरलेली पाचवी आणि आठवी पेरं कापून टाकली. ऊन चांगलंच होतं. नमुन्यांच्या चिठ्ठीवर वेळेचा चौकोन एकच. सुरुवात केली ती वेळ लिहिली, ७:२०. चौदा महिने उभ्या असलेल्या उसाला पाच-सहा तासांचं काय.

आइस्क्रीम उरलं होतं. खाल्लं नाही. तत्त्व म्हणून.

२० जून

सेलाई आली. "सगळं नीट?" "नीट."

११ जुलै, गुरुवार

आकडे गेल्या आठवड्यात आले. सेलाई त्या सकाळी स्वयंपाकघरात आली ती नाचतच. चौदा नंबरचं जनुक (त्याला नाव आहे, पण ते उच्चारायला मला दहावी पूर्ण लागेल) वरच्या पेरांत गप्प आणि खालच्या पेरांत पाचपट आवाजात. पाचव्यापासून एकदम. जिथे गोडी भरते तिथेच. तिने मला यंत्रावरच्या रेघा दाखवल्या, दोन घोळके, मध्ये मोकळी जागा. एवढा स्वच्छ फरक तिने कधी पाहिला नव्हता.

"हे तुझ्या हातचे नमुने आहेत," म्हणाली. "मी कापते तेव्हा इतके साफ येत नाहीत."

शपथ सांगते, मला शाळेतही कोणी असं बोललं नाही.

त्या संध्याकाळी तिने नारळाच्या दुधात मासे केले. वॉरिक आला, वाढून घेतलं आणि "आपलं जनुक, आपलं जनुक" करत राहिला. सेलाई चार वर्षं झिजली आणि जनुक मात्र ह्याचं. परवा गावच्या पेपरात फोटो आला. मध्ये हा, हातात ऊस, लोक तलवार धरतात तसा. सेलाईचा अर्धा खांदा. खाली तिचं नाव चुकीचं.

पेपर चुलीत घातला.

२ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा मोजलं. गेल्या आठवड्यात सेलाईने स्वतः नवीन बारा ऊस कापले, नियमाने, सात ते आठ. आज आकडे. चौदा नंबर वर जेवढं तेवढंच खाली. काहीच नाही. सपाट रेघ.

वॉरिकने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. दार लागलेलं, पण काच पातळ आहे आणि मी बाहेर डब्या धूत होते.

"सेलाई, स्पष्ट विचारतो. जूनचे आकडे तू जरा सजवलेस का?"

"नाही."

"माणूस थकतो. घरच्यांची अपेक्षा असते. तुमच्याकडे तर जास्तच."

तुमच्याकडे. मी ओल्या हातांनी आत गेले. म्हटलं, "तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे? पेपरात फोटो काढताना आपलं जनुक होतं ना?"

"मार्नी, बाहेर."

"ती एक आकडा इकडचा तिकडे करायची नाही. कचऱ्याच्या डब्यालासुद्धा ती नाव-तारीख लावते."

"बाहेर हो. तुला यातलं काय कळतं?"

बाहेर झाले. जाताना डब्याला लाथ मारली. डबा लोखंडी निघाला. अंगठा काळानिळा.

सेलाई रात्री जेवली नाही. गाणंही नाही. घर इतकं गप्प की फ्रिजचा आवाज येतो.

५ ऑगस्ट, सोमवार

वॉरिक विद्यापीठाला पत्र लिहिणार. बुधवारी, चौदा तारखेला बैठक, तिथल्या चौकशीच्या बाई पडद्यावर असणार. पत्रात असणार की नमुने विश्वासार्ह नाहीत आणि जबाबदारी विद्यार्थिनीची. तसं झालं तर डिसेंबरपर्यंत थांबायचीही गरज नाही, तिला त्याआधीच घालवतील.

हे मी होऊ देणार नाही. कोणीतरी घोळ घातलाय आणि मी तो शोधून काढणार. संशयित:

शीतकपाट. जुलैत एकदा वीज गेली होती.

यंत्र. वॉरिकने स्वस्तातलं रसायन मागवलं होतं, सेलाई कुरकुरली होती.

वॉरिक स्वतः. त्याच्याकडे किल्ल्या आहेत.

ओरेस्तेला विचारलं, तू काही फवारलंस का? म्हणाला, "मी ट्रॅक्टर चालवतो. फवारलं तर वहीत लिहितो. तू लिहितेस का काही?" त्याचं बोलणं असंच, आडवं. इटलीहून बापाने आणलेलं असावं.

शीतकपाटाच्या नोंदी तपासल्या. तापमान हललेलं नाही. यंत्र दुसऱ्यांनीही वापरलं, त्यांचे आकडे बरोबर आले. राहिला वॉरिक.

८ ऑगस्ट, गुरुवार

सेलाई माझ्यावर उलटली. सेलाई, जिच्यासाठी मी अंगठा फोडून घेतला.

जूनच्या नमुन्यांतला थोडा अर्क उरला होता. त्यावर तिने आणखी एक जनुक मोजलं. प्रयोगशाळेत सगळे त्याला कोंबडा म्हणतात. पेर कुठलंही असो, कोवळं की जून, हे फक्त सकाळी ओरडतं. दुपार झाली की गप्प. तिने मला कागद दाखवला. पहिल्या आणि तिसऱ्या पेरांत कोंबडा जोरात. पाचव्या आणि आठव्यात जवळजवळ मेलेला. बाराही उसांत तसंच.

"मार्नी, किती वाजता कापलंस?"

"सात-वीस. लिहिलंय ना."

"सगळं?"

"लिहिलंय ना."

ती रागावली नाही, हेच वाईट. म्हणाली, "चिठ्ठी एक सांगते आणि ऊस दुसरं. मी कुणाचं ऐकू?"

म्हटलं, "तू पण वॉरिकसारखीच. सगळ्या शिकलेल्यांना खापर फोडायला माझ्यासारखीच सापडते." दार आपटलं. बरंच झालं. कायम बरोबर असते ती. तिच्या माशांचा वास माझ्या चादरींना येतो. तिच्या गावच्या बंदरावर कोण येतं याच्याशी माझं काय देणंघेणं? मी हात आहे. हाताला कोण विचारतं?

एकोणीस जूनचं पान उघडायचं नाही. कशाला उघडायचं, मला आठवतंय ना सगळं.

उघडलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

शनिवारी म्हातारीकडून व्हॅन विकत आणली. काल सकाळी निघाले, केप यॉर्कला. चिठ्ठी ठेवली नाही. चिठ्ठ्यांचा कंटाळा आलाय.

बोवेनला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. टोमॅटो-शेडसमोर गाडी लावून बसले. आत पट्टा चालला होता, तळ, तळ, तळ, मग झाकणं. इथूनही पळालेच होते. त्याआधी कोळंबीच्या बोटीवरून. त्याआधी शाळेतून. दर वेळी मागे कोणीतरी नालायक होता आणि दर वेळी मी बरोबर होते. मुकादम नालायकच होता, ते मी मागे घेत नाही. वॉरिक तर आहेच. पण शेंडे त्याने छाटले नाहीत. म्हातारीच्या व्हॅनमधून समुद्रावर तो गेला नव्हता.

इतका संताप आला की स्टिअरिंगवर डोकं आपटलं. हॉर्न वाजला. शेडमधून मुकादम बाहेर आला, मला ओळखलं आणि आत पळाला. तेवढंच एक बरं झालं.

परत वळले. सेलाई अंगणात कपडे वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. शेंडे आधी, आगगाडी घसरलेली, पॅटीस, व्हॅन, रेडिओ. मग म्हटलं, "मला माफ कर."

तिने चिमटे एकेक करून टोपलीत टाकले.

"म्हणजे बारा ऊस. डोकं उडवलेले. पाच तास उन्हात उभे. तिकडे शेंड्याकडची पेरं सकाळची, इकडे बुडख्याकडची दुपारची आणि जखमी. आणि मी चौदा नंबरला गोडीचं जनुक म्हणून नाचले. ते दुपारचं जनुक आहे, मार्नी. नाहीतर जखमेचं."

"मला माफ कर."

"माफी नको मला. माफी कुठल्या रकान्यात घालू? वेळ सांग. मिनिटात."

"एकच्या बातम्या लागत होत्या."

"हे तू आज सांगतेस. वॉरिक म्हणेल मैत्रिणीला वाचवायला रचलंस."

"वहीत लिहिलंय. त्याच दिवशी."

ती म्हणाली, "पान फाडून देऊ नकोस. सुटं पान कालही लिहिता येतं. अख्खी वही लागेल."

अख्खी. म्हणजे आठ ऑगस्टसकट. ते तिला सांगितलं नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

तीनदा वही व्हॅनमध्ये ठेवली, तीनदा परत आणली. इंजिन सुरू करून बघितलं. पहिल्या झटक्यात सुरू होतं, नेमकं आता.

१४ ऑगस्ट, बुधवार

(वही बैठकीत त्यांनी ठेवून घेतली. हे नमुन्याच्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहितेय. नंतर टाचून टाकेन.)

पडद्यावर विद्यापीठातल्या बाई. पांढरे केस, बारीक चष्मा, एकदाही हसल्या नाहीत. वॉरिकने पत्र समोर ठेवलं. सेलाईने कोंबड्याचे आकडे मांडले. बाई म्हणाल्या, "हे वेळेतला फरक दाखवतं. पण चिठ्ठीवर एकच वेळ आहे." मग मी वही काढली.

"तूच वाच," बाई म्हणाल्या.

एकोणीस जून वाचलं. स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचताना ते दुसऱ्या कुठल्यातरी मूर्ख पोरीचं वाटतं. आइस्क्रीमपर्यंत आले तसा वॉरिक म्हणाला, "ही खाजगी वही आहे. नोंदीत घेता येणार नाही."

"ते कोणत्या पिंपातलं होतं, डॉ. हॅडली?"

वॉरिकने चष्मा पुसला. "मेळावा वर्षातून एकदा असतो."

"मी पिंप विचारलं."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं सुटले. मग त्या म्हणाल्या, "पुढचंही वाच. सगळं. एकदमच लिहून काढलेलं नाही ना, हे मला ऐकायचंय."

वाचलं. सपाट रेघ, लोखंडी डबा, संशयितांची यादी. आठ ऑगस्टच्या पानावर बोट ठेवून बसले. सेलाई शेजारच्या खुर्चीत. म्हणाली, "वाच." माशांचा वास वाचला. बंदरावर कोण येतं याच्याशी माझं काय देणंघेणं, तेही वाचलं. मान वर केली नाही. तिच्या चपला दिसत होत्या फक्त. हलल्या नाहीत.

पत्र जाणार नाही. जूनचे आकडे रद्द, पण दोष विद्यार्थिनीचा नाही अशी नोंद. जुलैच्या एका खेपेवर भागत नाही, म्हणून बारा ऊस नव्याने कापायचे, लगेच, कारण पुढच्या आठवड्यात त्या शेतात तोडणीचं यंत्र शिरणार. त्यात वळणावरचं काही सापडेल की नाही, सेलाईलाही माहीत नाही. आणि वॉरिकने मला बाहेर गाठून सांगितलं, शुक्रवारी तुझा शेवटचा दिवस.

"हात चालत नाहीत का माझे?" विचारलं.

तो निघून गेला.

सेलाई माझ्या पुढे चालत घरी आली. दारात म्हणाली, "उद्या पावणेसातला शेतात. दोन्ही पिंपं मी स्वतः कुलूप लावून ठेवलीत." मग म्हणाली, "आणि चादरी धू. मासे नाहीत ते, तुझ्याच मोज्यांचा वास आहे."

१५ ऑगस्ट, गुरुवार

दव होतं. ओरेस्ते बांधावर बसून होता, काम नसताना. विचारलं, त्या दिवशी मला पाहिलंस, मग गप्प का राहिलास? म्हणाला, "मला कोणी विचारलं?" त्याच्यावरही चिडायला हवं होतं. पण हातात चाकू होता आणि वेळ चालली होती.

एक ऊस, चार पेरं. पुसायचं. दुसरा ऊस, चार पेरं. सेलाई घड्याळ बघून सांगत होती, मी लिहीत होते. ती मला तेवढंच बोलली, आकडे. सात-चार. सात-पाच.

या केंद्राच्या चिठ्ठीवर वेळेचा चौकोन अजून एकच आहे. बैठक झाली, पडद्यावर बाई आल्या, नोंदी झाल्या, आणि त्याला कोणी हात लावलेला नाही. डोकं त्यांच्याकडे आहे.

मी बांधावर बसून पट्टीने अठ्ठेचाळीस चौकोन आखले. सगळे भरले. शेवटचा, बारावा ऊस, आठवं पेर: सात सत्तावन्न.